पत्ता नसलेल्या मुलांचा पट

जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला आणि मुंबईच्या पदपथांवर राहणारी माणसे एकदम चर्चेत आली. जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क येतो हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पदपथावर झोपडी ठेवण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. पालिकेने हटवण्याआधी नोटीस द्यावी आणि पावसाळा जाऊ द्यावा, एवढाच दिलासा मिळाला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथांवरच्या कुटुंबांची मोजणी केली. ही माणसे कालपरवा आलेली नाहीत, वर्षानुवर्षे त्याच जागी राहून आसपासच राबत आहेत, हे त्या मोजणीने आकड्यांनिशी दाखवले. झोपडी, रोजगार आणि अतिक्रमण यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले. त्या झोपड्यांतली मुले दिवसभर काय करतात, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. डोअर स्टेप स्कूल या संस्थेचा इतिहास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

संस्था १९८८ मध्ये मुंबईत सुरू झाली. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांच्या विद्यार्थिनी बीना शेठ-लष्करी या दोघींनी कुलाबा-कफ परेडच्या वस्त्यांतून कामाला हात घातला. मंत्रालय आणि विधानभवन जिथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या या वस्त्या. पालिकेच्या शाळाही जवळच होत्या आणि तिथे फी नव्हती. तरी मुले शाळेबाहेर होती. दोघींनी दुखणे तीन ठिकाणी पाहिले. काही मुलांचे नाव शाळेत घातलेच जात नव्हते. काहींचे घातले जाई, पण दुसरी-तिसरीतच ती सुटून जात. आणि जी टिकत, त्यांतली बरीचशी काही न शिकता त्याच त्या इयत्तेत अडकून पडत. संस्थेने पुढे जे जे उपक्रम काढले, त्यांतला प्रत्येक या तीनपैकी कुठल्या ना कुठल्या दुखण्यावरचा इलाज आहे.

मुले शाळेत का जात नाहीत, याचे उत्तर तेव्हा सुशिक्षितांच्या घरांत ठरलेले होते: आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही. वस्तीत जाऊन बसणाऱ्याला वेगळे दिसे. कुलाब्याला लागूनच ससून डॉक. मासळीचा बाजार पहाटेच भरतो. बाया अंधारात घर सोडतात, कोळंबी सोलायला बसतात आणि मिळकत सोललेल्या मालावर ठरते, म्हणून चार हात जास्त लागले तर मुलांचेही लागतात. मागे घरात तान्हे मूल असते. ते मोठ्या मुलीच्या कडेवर येते. नळाला पाणी कधी येईल ते पालिकेच्या मर्जीवर, आणि रांगेत हंडा धरून उभे राहणारे कोणीतरी हवेच. या सगळ्यातून दिवसाचे दोन तास मोकळे निघतात, पण ते शाळेच्या वेळापत्रकात बसणारे नसतात. मग वर्ग वस्तीतच भरवायचा, मुलांना जमेल त्या वेळी, दोनेक तासांचा; आणि धाकट्यांसाठी बालवाडी चालवायची, म्हणजे थोरल्या बहिणीचे हात मोकळे होतात. संस्थेची पहिली रचना अशी, गरजेतून ठरलेली होती. तिच्यात शिक्षणशास्त्राचा बडेजाव नव्हता आणि मला तेच तिचे मोठे बळ वाटते.

महाराष्ट्राला ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात मुलांच्या अंगणात भरणारी अंगणवाडी होती आणि गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे रानात जाणारी कुरणशाळाही होती. बांधकामावरच्या मुलांकडे पहिल्यांदा जाणीवपूर्वक पाहिले ते मीरा महादेवन यांनी. दिल्लीत १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना, मजुरांची तान्ही मुले उन्हात खडीच्या ढिगाशेजारी पडलेली पाहून त्यांनी तंबूत पाळणाघर काढले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि तीन वर्षांत तिचे काम मुंबईतही आले. शाळेनेच मुलाकडे जायचे, हा विचार असा परंपरेने आलेला आहे. महानगरात त्याला एक नवी अडचण भेटली. कुरणातले मूल संध्याकाळी आपल्या पाड्यावर परत जाई. पदपथावरच्या मुलाचा पाडा पालिकेच्या गाडीतून एका सकाळीत उचलला जातो, आणि दुसऱ्या दिवशी शिकवणारी ताई येते तेव्हा तिथे फक्त धुतलेला रस्ता असतो.

या अडचणीतून १९९८ मध्ये संस्थेची ‘स्कूल ऑन व्हील्स’ म्हणजे फिरती शाळा निघाली. जिथे खोली भाड्याने मिळत नाही, मांडव घालता येत नाही, चटई अंथरली तर पोलीस उठवतात, अशा जागच्या मुलांसाठी ही बस. आतली आसने काढलेली, खाली बसायला बैठक, पुढे फळा, कडेला पुस्तकांची आणि पाट्यांची जागा. सिग्नलवर गजरे, पुस्तके, खेळणी विकणारी मुले, पुलाखाली आणि फुटपाथवर राहणारी मुले ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जमतात. बस दोन-अडीच तास थांबते, वर्ग होतो आणि बस पुढच्या थांब्यावर जाते. पुढे पुण्यातही अशा बस फिरू लागल्या.

संस्थेची ओळख म्हणून या बसची छायाचित्रे सर्वांत जास्त छापली गेली. ते स्वाभाविक आहे, कारण रंगीत बस, खिडकीतून डोकावणारी मुले आणि मागे शहराची वाहतूक हे चित्र कोणाच्याही मनात भरते. पण संस्थेच्या कामाचे मोल ठरवताना या चित्रावर थांबू नये असे मला आग्रहाने सांगायचे आहे. बसमध्ये दोन तास बसलेले मूल वाचायला शिकते, ही मोठी गोष्ट. परंतु त्याला सातवी-आठवीपर्यंत जायचे असेल, दहावीच्या परीक्षेला बसायचे असेल, तर त्याचे नाव एखाद्या शाळेच्या पटावर असलेच पाहिजे, आणि त्या शाळेत इतर घरांतल्या मुलांबरोबर त्याला एका बाकावर जागा मिळाली पाहिजे. गरिबांच्या मुलांसाठी कायमची वेगळी, निम्मी शाळा चालवत राहणे हा या संस्थेचा हेतू कधीच नव्हता. मुलाला पालिकेच्या शाळेच्या दारापर्यंत आणणे, आत पोचवणे आणि आत गेल्यावर टिकवणे, ही खरी मेहनत. तिची छायाचित्रे निघत नाहीत.

ती मेहनत सर्वांत स्पष्ट दिसते पुण्यात. पुण्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याचा सगळा भर बांधकामाच्या साइटवर आला. नव्वदीनंतर पुणे ज्या वेगाने वाढले ते आपण पाहिलेच आहे. औंध, बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडी, वाघोली, कोंढवा, उंड्री अशी एकेका गावाची शेते मागे पडली आणि इमारती उठल्या. त्या उठवणारी माणसे आली मराठवाड्यातून, सोलापूरकडून, विजापूर-गुलबर्ग्याहून, आणि नंतर छत्तीसगड, बिहार, ओडिशा, बंगालमधून. साइटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोल्यांची ओळ, तोच लेबर कॅम्प. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत किंवा स्लॅबचे काम संपेपर्यंत कुटुंब तिथे असते. मग दुसरी साइट, कधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कधी दुसऱ्याच शहरात. पेरणीला, जत्रेला, दिवाळीला गावी. परत येताना कुठे येतील ते मुकादमालाच ठाऊक.

या कुटुंबांना बेघर म्हणावे की नाही, यावर सरकारी मोजणीचे उत्तर तोकडे आहे. जनगणनेत बेघरांची गणना एका रात्रीत होते. २०११ च्या वेळी ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, देवळात, फलाटावर जे सापडले ते बेघर. देशभरात त्यांची संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली, महाराष्ट्रात २ लाखांच्या वर. पत्र्याच्या खोलीत झोपलेले मजुराचे कुटुंब या आकड्यात येत नाही, कारण त्या रात्री त्याच्या डोक्यावर पत्रा असतो. पण तो पत्रा इमारत पुरी झाली की निघतो. आज या, उद्या त्या साइटवर असलेल्या मुलाला ‘राहता पत्ता’ या रकान्यात लिहायला काही नसते. शाळेच्या दृष्टीने पाहिले तर ते मूल बेघरच आहे, आणि संस्थेने त्याला तसेच धरून आपली व्यवस्था आखली.

व्यवस्था अशी. बिल्डरने साइटवर एक खोली द्यायची, दिवा-पाण्याची सोय करायची. शिक्षिका, साहित्य आणि रोजचा वर्ग संस्थेचा. खोलीत तान्ह्यांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी बालवाडी, आणि मोठ्यांसाठी अभ्यासवर्ग. जिथे पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर हवे, असे बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने सांगितले होते. कायदा कागदावर असतो, पण तो पाळून घ्यायला साइटवर कोणीतरी जाऊन बोलावे लागते. बिल्डरच्या दारात जाऊन खोली मागायची, ठेकेदाराला पटवायचे, मुकादमाला दुखवायचे नाही, आणि इमारत पुरी होत आली की ती खोली जाणार हे गृहीत धरून पुढच्या साइटची बोलणी आधीच सुरू ठेवायची. वर्षानुवर्षे चालणारी ही बोलणी हाही शिक्षणकार्याचाच भाग आहे, हे शाळेच्या चार भिंतींत काम केलेल्यांना पटकन उमगत नाही.

साइट दाट वस्तीपासून दूर, माळावर असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. नव्याने उठणाऱ्या भागात आधी इमारती येतात, शाळा पुष्कळ नंतर. मधे महामार्ग, डंपर आणि टँकरची वर्दळ. आई सकाळी आठला पाटी घेऊन कामावर चढली की सहा वर्षांच्या मुलाला शाळेत सोडणार कोण? दिवसाची मजुरी बुडवून ती सोडायला जाऊ शकत नाही. म्हणून संस्थेने मुलांना साइटवरून पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नेणारी-आणणारी वाहने लावली. माझ्या दृष्टीने संस्थेच्या साऱ्या उपक्रमांत हा सर्वांत साधा आणि सर्वांत दूरदृष्टीचा. गाडी आली की मूल शाळेत जाते, गाडी नसेल तर जात नाही. वाहनांसाठी निधी मागायला गेले की अडचण येते. पुस्तकांसाठी, संगणकांसाठी देणगी द्यायला हात पुढे होतात, डिझेलसाठी होत नाहीत. तरी ही गाडी थांबू न देणे हे संस्थेने आपले ब्रीद मानले, त्याचे मोल या स्मरणिकेत नोंदले गेलेच पाहिजे.

शाळेच्या आत काय घडते, तेही सांगायला हवे. गोरमाटी, कन्नड, छत्तीसगढी किंवा बंगाली बोलणारे मूल मराठी वर्गात येऊन बसते. वय नऊ, अक्षरओळख नाही, आणि शेजारची मुले वयाने बरोबरीची पण धडे वाचणारी. बाईंच्या वर्गात आधीच भरपूर मुले. असे मूल गप्प बसते आणि महिन्याभरात यायचे थांबते. संस्थेने म्हणून शाळेच्या आतही काम धरले. ‘ग्रो विथ बुक्स’ या उपक्रमातून पालिकेच्या शाळांत वाचनाचे तास घेतले जाऊ लागले, गोष्टीची पुस्तके मुलांच्या हातात येऊ लागली, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वाचनवर्ग निघाले. रजनीताईंचा वाचनावरचा भर सुरुवातीपासूनचा. तीन महिन्यांनी साइट बदलणाऱ्या मुलाला भूगोलाचा कुठला धडा चुकला याची फिकीर नको. त्याला वाचता येत असेल तर तो धडा ते पुढे कुठेही गाठू शकते. मूल कुठल्याही दिवशी येईल आणि कुठल्याही दिवशी जाईल, हे धरूनच शिकवायचे असेल तर पाठांची लांब साखळी उपयोगाची नाही. आजचा तास आजच पुरा झाला पाहिजे आणि मूल गेलेच तर काहीतरी हाताशी घेऊन गेले पाहिजे.

हे शिकवणाऱ्या ताया कोण? बऱ्याच जणी वस्तीतल्या किंवा आसपासच्या, दहावी-बारावी झालेल्या, डी.एड. न केलेल्या स्त्रिया. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या, घराबाहेर पहिल्यांदाच कामाला निघालेल्या. त्यांना प्रशिक्षण देऊन, वर्गावर सोबत बसून संस्थेने शिक्षिका केले. लेबर कॅम्पमध्ये सकाळी दारोदार फिरून मुले गोळा करणे, आईच्या हातातले लाटणे थांबवून तिला समजावणे, नाक वाहणाऱ्या मुलाचे तोंड धुऊन त्याला बसवणे ही त्यांची रोजची सुरुवात. त्यांच्या मानधनाचा विषय मात्र अशा सर्वच संस्थांना सतावतो. पाठ्यपुस्तक मंडळापासून शिक्षण खात्यापर्यंत सगळे ज्या मुलांना ‘शाळाबाह्य’ या एका शब्दात बसवतात, त्यांना नावानिशी ओळखणारी व्यक्ती पगाराच्या उतरंडीत सर्वांत खाली असावी, हे मला सलते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि संस्थेच्या कामाला कायद्याचे बळ मिळाले. या कायद्याची चर्चा आपल्याकडे खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांभोवतीच फिरत राहिली. रहिवासाचा पुरावा आणि दाखल्यांशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे फिरत्या मुलांना त्या जागा क्वचितच मिळतात. त्यांच्या उपयोगाची कलमे वेगळीच. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळते. कलम ५ म्हणते की शाळा बदलताना दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी टाकते. कलम १४ मध्ये जन्मदाखल्याअभावी मुलाला परत पाठवण्यास मनाई आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभे राहून ही कलमे शांतपणे वाचून दाखवणारा कार्यकर्ता सोबत असला की प्रवेश होतो. आई एकटी गेली तर ‘आधार आणा, जन्माचा दाखला आणा, मग बघू’ ऐकून परत येते. यात मुख्याध्यापकांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. पटावर नाव घेतलेले मूल दोन महिन्यांनी न सांगता गेले की गळतीचा जाब त्यांनाच विचारला जातो, ऑनलाइन नोंदीत ते नाव अडकून राहते आणि माहितीचे तक्ते जुळत नाहीत. मूल गेले कुठे, हे शाळेला कळवणारी व्यवस्था असेल तर मुख्याध्यापकही दार उघडे ठेवतात. संस्थेने हा दुवा सांभाळला.

याच धाग्यातून २०११ मध्ये ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ ही नागरिक मोहीम पुण्यात सुरू झाली. संस्थेच्या कार्यकर्त्यांना सगळ्या साइट गाठणे शक्य नव्हते. शहरात रोज नवे पत्रे उभे राहत होते. मग सामान्य नागरिकांना हाक दिली गेली: आपल्या परिसरातल्या साइटवर जा, सहा वर्षांची मुले शोधा, नावे लिहून घ्या, जवळच्या शाळेत पहिलीत घाला, नंतरही चौकशी करत राहा. महाविद्यालयीन मुले, निवृत्त मंडळी, गृहिणी वह्या घेऊन निघाल्या. या मोहिमेने दोन गोष्टी साधल्या. पहिली उघड होती: मुले पटावर आली. दुसरी अशी की ज्या सोसायटीत आपण राहायला आलो ती बांधताना इथे मुले राहत होती, हे त्या नागरिकांनी प्रत्यक्ष पाहिले. पहिलीच्या वयात नाव घातले गेले तर पुढची निम्मी लढाई टळते, हा संस्थेचा अनुभव होता. दहाव्या वर्षी पहिलीचे अक्षर शिकणाऱ्या मुलाची कुचंबणा ज्याने पाहिली आहे त्याला तो वेगळा सांगावा लागत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि साइट ओस पडल्या. कुटुंबे पायी, ट्रकमधून, मिळेल त्या वाटेने गावी गेली, आणि शाळा पुढची दोन वर्षे बहुतांशी बंदच राहिल्या. ऑनलाइन वर्गांचा गाजावाजा झाला तेव्हा कॅम्पमधल्या खोलीत फार तर एक फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता. कामे पुन्हा सुरू झाल्यावर जी मुले परत आली त्यांतली काही पूर्वी वाचत होती आणि आता अक्षरे विसरली होती. काही मोठी झाली होती आणि कामाला लागली होती. ज्या मुली गावी राहिल्या त्यांच्यातल्या किती जणींची लग्ने उरकली गेली, हा विचारही त्रास देतो.

दरम्यान या वाटेवर इतरही आले आहेत. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साथीने २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. गावाकडून हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्य शासनाने शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आणली. मुलाने ते घेऊन नव्या गावच्या शाळेत जावे आणि तिथे त्याला वर्गात बसवून घ्यावे, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. ती चालण्यासाठी गाव सोडण्याच्या धावपळीत ते पत्रक आईच्या पिशवीत पडले पाहिजे आणि नव्या शाळेने ते ओळखले पाहिजे. तेवढ्यासाठी दोन्ही टोकांना माणूस लागतो.

संस्थेपुढचे काम आता याच टोकांवर आहे. पुण्यातली साइट संपून कुटुंब नाशिकला, हैदराबादला किंवा बेंगळुरूला गेले की मुलाची माहिती पाठोपाठ जाण्याची सोय नाही. बांधकाम परवानगी देतानाच पाळणाघराची खोली आणि मुलांच्या वाहनाचा खर्च ही अट महापालिकेने घालावी. तसे झाले तर प्रत्येक साइटवर नव्याने विनवणी करावी लागणार नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे उपकरातून निधी जमा होतो. त्याचा काही भाग या मुलांच्या गाड्यांसाठी थेट मिळायला हवा. पाचवीनंतर शाळा दुरावते, तिथे मुलींसाठी वसतिगृहांत जागा राखून ठेवायला हव्यात. आणि येत्या जूनला शाळा उघडतील तेव्हा पुन्हा नव्या साइटवर, नव्या मुकादमाशी बोलून, सहा वर्षांच्या मुलांची नावे लिहून घ्यावी लागतील. त्यासाठीच्या स्वयंसेवकांची नोंदणी मे महिन्यात सुरू व्हायला हवी, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात निम्मी कुटुंबे पेरणीला गावी असतात आणि परतलेल्यांना गाठायला हाताशी माणसे असावी लागतात.